नुरायचं उत्तर

सौंदड
१२ जून २०२४

दुधरामभाऊजी यांस,

सुलोचनाचा नमस्कार. मी श्यामलाल लंज्यांची बायको, तुमच्या मावसभावाची. तुम्ही आमच्या लग्नात होते आणि ह्यांच्या तेरवीला आले होते. मधल्या काळात भेट नाही.

परवा शांतीबाईंच्या घरी लग्न होतं. तुमचं नाव निघालं. त्या म्हणाल्या, "आमच्या दुधरामले तुर्की भाषा येते. कोणाच्याच कामाची नाही, पन येते." बाया हसल्या. मी हसली नाही. मला ती भाषा पाहिजे आहे.

माझा हेमेंद्र गोंदियात राइस मिलमध्ये फिटर होता. आठ वर्षांआधी एका कंपनीने त्याला तांदूळ निवडायच्या मशिनी बसवायला तुर्कस्तानात पाठवलं. इप्साला म्हणून गाव आहे. तिथेही धान होतो. तो तिथेच राहिला, तिथलीच मुलगी केली. नुराय तिचं नाव. लग्नानंतर एकदा तिला इकडे आणलं होतं, अकरा दिवस. धानाची रोवणी चालू होती. ती माझ्यामागे धानाच्या बांधीवर आली, चपला काढल्या आणि चिखलात उतरली. तिला काही सांगावं लागलं नाही. आता त्यांना चार वर्षांची मुलगी आहे, दुरू.

दर रविवारी संध्याकाळी ते फोनवर दिसतात. हेमेंद्र मधात बसतो. मी बोलली की तो तिला सांगतो, ती बोलली की मला सांगतो. गेल्या रविवारी ती पुष्कळ बोलली. डोळे खाली होते. मी म्हटलं, काय म्हणते? तो म्हणाला, "तब्येत बरी आहे म्हणते." एवढ्या बोलण्यात तेवढंच कसं असेल?

मला तिच्याशी मधात कोणी नसताना बोलायचं आहे. मोबाईलमध्ये भाषा बदलून मिळते म्हणतात, पण मोबाईल माझ्या दिराची सून नूतन लावून देते आणि तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. मी सातवी शिकली आहे. पाठांतर चांगलं होतं.

सुलोचना

—

कुडवा, गोंदिया
२० जून २०२४

सुलोचनावहिनी,

शांतीताई म्हणते ते खरं आहे. आजवर कोणाच्या कामाला आली नाही. तुम्ही पहिल्याच.

आधी एक सांगतो. मला ऐकू येत नाही. पाच वर्षं झाली. यंत्र लावून पाहिलं, नुसता गोंगाट होतो. मोबाईल ठेवत नाही. तेव्हा उच्चार मी लिहीन तसाच धरा. इथे येण्याचे कष्ट घेऊ नका. माझ्याशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागतं. ते पत्रातही होतं.

भाषा अवघड नाही. वाक्य आपल्यासारखंच चालतं, क्रियापद शेवटी. बेन सु इचियोरुम. बेन म्हणजे मी, सु म्हणजे पाणी, इचियोरुम म्हणजे पितो किंवा पिते. त्या शेवटच्या 'उम'मध्ये 'मी' पुन्हा आहे, म्हणून 'बेन' गाळलं तरी चालतं. एका शब्दात माणूस आणि त्याचं काम.

नामाला लिंग नाही. तो, ती, ते या तिघांना एकच शब्द, ओ.

एव म्हणजे घर. एवदे, घरात. एवदेन, घरातून. एवे, घराकडे. आपल्या विभक्तीसारखंच मागून जोडत जायचं. जोडणी लांब झाली तरी मूळ शब्द तुटत नाही.

साबुन, हावा, मेयदान, दुक्क्यान हे शब्द तुम्हाला आधीच येतात. साबण, हवा, मैदान, दुकान.

मागच्या बाजूला एक ते दहा आकडे लिहिले आहेत. या धड्यावर दहा वाक्यं करून पाठवा. मी तपासून परत पाठवीन.

दुधराम कापगते

—

सौंदड
२९ जुलै २०२४

भाऊजी,

वाक्यं उशिरा पाठवते. रोवणी चालू आहे. पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंडी हातात असली की वही धरता येत नाही, म्हणून तोंडानेच म्हणते. काल रोवणीला आलेली भूमिका शेजारच्या ओळीत होती. ती म्हणाली, "काकू, काय मंतर म्हणून राहिल्या?"

मी म्हटलं, गिनती करून राहिली.

"बिर, इकी, उच? अशी कोनती गिनती व्हय?"

मागून दुसरी म्हणाली, "बुढी साप उतरवाचा धंदा सुरू करते वाटते. आपल्या गावाले पाहिजेच होता एक." दिवसभर तेच चाललं. मी त्यांना काही सांगितलं नाही.

हेमेंद्रलाही सांगितलं नाही. रविवारी मी तोंड उघडत नाही, नुसती ऐकते. आधी त्यांचं बोलणं पाण्यासारखं वाहून जात होतं. आता त्यात दगड दिसतात. सु, एव, एवदे. दुरू मला बाबाआन्ने म्हणते. ते काय आहे?

पुढच्या पत्रात प्रश्न कसा विचारायचा ते सांगा.

सुलोचना

—

कुडवा
९ ऑगस्ट २०२४

वहिनी,

दहापैकी नऊ वाक्यं बरोबर. सातव्यात 'घरात'च्या जागी 'घरातून' झालं आहे. तुम्ही घरातून झोपता असं वाक्य तयार झालं. दुरुस्त करून पाच वेळा लिहा.

बाबा म्हणजे बाप, आन्ने म्हणजे आई. बाबाआन्ने, बापाची आई. आईची आई वेगळी, तिला दुसरा शब्द आहे. ती तुम्हाला नुसतं आजी म्हणत नाही. कोणाकडून आजी, तेही सांगते.

तुमच्या उपयोगाचे तीन शब्द देतो. शेतात उभा असतो तो चेल्तिक. भरडून निघतो तो पिरिंच. शिजला की पिलाव. धान, तांदूळ, भात. ज्या लोकांनी तिन्ही पाहिलेले असतात त्यांच्याकडेच तीन शब्द असतात.

प्रश्नाची घाई करू नका. आधी स्वर पक्के होऊ द्या. या भाषेत स्वरांची दोन घराणी आहेत. शब्दात ज्या घराण्याचा स्वर असेल, मागून येणाऱ्या प्रत्ययाने त्याच घराण्याचा स्वर घ्यायचा. एवचं अनेकवचन एवलेर. आत म्हणजे घोडा, त्याचं आतलार. एकाला लेर, एकाला लार. सोबतच्या कागदावर चाळीस शब्द आहेत, आपल्या अक्षरांत आणि त्यांच्या इंग्रजीसारख्या अक्षरांत; काहींना खाली शेपटी असते. प्रत्येकाचं अनेकवचन करा.

त्यानंतर महिने, मग वार, मग रंग. क्रमाने जाऊ.

दुधराम

—

सौंदड
१६ सप्टेंबर २०२४

भाऊजी,

चाळीस शब्द पाठवले होते. महिने पाठवले. वार पाठवले. रंगही आले. प्रश्न आला नाही. काऊन?

सातही वार मला पाठ आहेत. कोणत्या वारी काय झालं हे विचारता येत नाही.

काल नुरायच्या गळ्याची हाडं दिसत होती. हेमेंद्र म्हणाला, "ती डाएट करते." दुरूने त्याला काहीतरी विचारलं. त्याने फोन नीट टेकवला. तिने तेच पुन्हा विचारलं. मग नुराय तिला उचलून घेऊन गेली. मी इथे बसून दुरूच्या तोंडातून 'एव' एवढं धरलं. घराचं काहीतरी विचारत होती.

मी आता शाळेत बसलेली नाही भाऊजी. मला परीक्षा द्यायची नाही.

सुलोचना

—

कुडवा
२७ सप्टेंबर २०२४

वहिनी,

रागावलात, ते योग्यच.

ने म्हणजे काय. किम म्हणजे कोण. नेरेदे म्हणजे कुठे. प्रश्नासाठी वाक्याची मोडतोड करावी लागत नाही. उत्तर जिथे बसणार असतं त्याच जागी प्रश्नाचा शब्द ठेवायचा. सु नेरेदे? पाणी कुठे आहे? दुरू नेरेदे? दुरू कुठे आहे?

आता राहणे. बेन कुडवादा ओतुरुयोरुम. मी कुडव्यात राहतो. मूळ क्रियापदाचा अर्थ बसणे. माणूस जिथे बसतो तिथे तो राहतो, असं ते लोक धरतात. तो राहतो म्हणायचं असेल तर शेवटचं 'उम' काढा. ओतुरुयोर.

माझं बसणं दारासमोरच्या खुर्चीत असतं. पोस्टमन साधारण मंगळवारी येतो. हाक ऐकू येत नाही म्हणून सोमवारपासूनच दार उघडं ठेवतो. शेजारचे देवानंद एकदा पाटीवर लिहून गेले, 'काका, कुत्रं घरात शिरून राहिलं.' खरंच शिरलं होतं. ही माहिती धड्यात येत नाही. लिहिली गेली.

उरलेल्या कागदावर नेरेदे वापरून पंधरा वाक्यं करा.

दुधराम

—

सौंदड
१५ ऑक्टोबर २०२४

भाऊजी,

पंधरा वाक्यं केली नाहीत. एकच पाठवते. ते माझं नाही.

परवाच्या रविवारी हेमेंद्र म्हणाला, "आई, आज मी चहा करून दाखवतो. त्यांच्यासारखा, दोन भांड्यांचा." नुराय बाजूला उभी होती. फोन टेबलावर टेकवलेला होता. त्याने पाणी ठेवलं. मग कपाट उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं. मग तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "शेकेर नेरेदे?"

शेकेर तुमच्या चाळीस शब्दांत आहे. साखर.

नुरायने बोटाने दाखवलं.

पाच वर्षं त्या घरात राहणारा माणूस विचारतो, साखर कुठे आहे. इथे त्याला सगळं माहीत होतं. गूळ कुठे, मोहाची फुलं कुठे, बापाची पानपेटी कुठे लपवली आहे.

मला आता एकच विचारायचं आहे.

सुलोचना

—

कुडवा
२३ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

साखरेवरून काही ठरवू नका. बायका डबे हलवतात. पुष्पांजली गेली तेव्हा मला स्वतःच्या घरात साखर सापडायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी कळलं की ती साखर हळदीच्या डब्यात ठेवायची. मुंग्यांना कळू नये म्हणून. एकतीस वर्षांचा संसार होता.

भाषा अर्धी आली की माणूस जास्त चुकतो. मुळीच येत नव्हती तेव्हा तुम्ही निदान विचारून घेत होता. दिवाळी होऊ द्या. धान घरात येऊ द्या. तोवर भूतकाळ शिकवतो, मग नकार. मग काय ते विचारा.

दुधराम

—

सौंदड
११ नोव्हेंबर २०२४

भाऊजी,

काल विचारलं.

हेमेंद्रला कंपनीचा फोन आला, तो दुसरा फोन घेऊन बाहेर गेला. नूतन अंगणात वाळत घातलेलं धान पाहायला गेली होती. समोर फक्त नुराय. मी म्हटलं, नुराय, हेमेंद्र नेरेदे ओतुरुयोर?

तुमच्या दोन धड्यांतून जोडलं. बरोबर होतं असं वाटते, कारण तिने आधी तोंडावर हात ठेवला आणि हसली. म्हणाली, "आन्ने, रादयो गिबी." मग हसू थांबलं. दाराकडे पाहून ती हळूहळू बोलली. मी कॅलेंडरच्या मागे लिहीत गेली. लिहायचं होतं म्हणून तिच्या तोंडाकडे पाहता आलं नाही. ऐकलं ते असं आहे:

आन्ने, हेमेंद्र बुरदा ओतुर्मुयोर. दोकुझ आय ओल्दू. सादेजे पाझार ग्युनलेरी गेलियोर. सिझ बिझी बराकमायन.

पाझार म्हणजे रविवार, आय म्हणजे महिना, दोकुझ म्हणजे नऊ, एवढं मला लागलं. बाकी तुम्ही लावून द्या.

ती बोलत होती तेव्हा मी हुंकार देत होती. आपल्यात बोलणाऱ्याला हुंकार द्यावाच लागतो, नाहीतर त्याला वाटते भिंतीशी बोलून राहिलो. पण त्यांचा हुंकार कसा असतो तुम्ही सांगितलं नव्हतं. मी धड्यातलं म्हटलं. एवेत, एवेत. हो, हो. आणि शेवटी चोक ग्युझेल. खूप छान.

ती थांबली. माझ्याकडे पाहत राहिली. मग फोन उलटा झाला आणि मला त्यांचं छत दिसलं.

लवकर लिहा. मंगळवारची वाट पाहू नका, देवानंदला पोस्टात पाठवा.

सुलोचना

—

कुडवा
१८ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

तुम्ही ऐकून लिहिलं ते पुष्कळसं शुद्ध आहे. अर्थ असा लागतो:

आई, हेमेंद्र इथे कमी राहतो. नऊ महिने झाले, काम वाढलं आहे. रविवारी येतो. तुम्ही आमची काळजी करू नका.

गिबी म्हणजे सारखं.

कामाच्या माणसाला असं होतंच. मीही पंधरा वर्षं छोट्या स्टेशनांवर काढली, आठवड्यातून एकदा घरी. तुमच्या एवेतने काही बिघडलं नाही.

आता मन शांत झालं असेल तर भूतकाळाचा धडा पाठवतो.

दुधराम

—

सौंदड
६ जानेवारी २०२५

भाऊजी,

भूतकाळाचा धडा मिळाला. केला नाही.

आठ रविवार झाले, नुराय दिसली नाही. दुरू दिसली नाही. पहिल्या रविवारी हेमेंद्र म्हणाला, माहेरी गेली. दुसऱ्या रविवारी तेच. मग म्हणाला, तिच्या आईचं ऑपरेशन आहे. काल मी विचारलंच नाही. त्याच्या मागे पांढरी भिंत असते. खिळाही नाही भिंतीला. आधी तिथे पडदा होता, दुरूची चित्रं होती.

तो म्हणाला, "आई, जेवली का?" मी म्हटलं, जेवली. मी म्हटलं, तू जेवला का? तो म्हणाला, जेवलो. मग आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत होतो. नूतन म्हणाली, "नेटवर्क गेला का?" नेटवर्क होतं.

तुम्ही लिहिलं, काळजी करू नका असं ती म्हणाली. काळजी करू नका म्हणणारी बाई पुढच्याच रविवारपासून तोंड का लपवेल? मी तिला काय बोलली? कॅलेंडरचा कागद पाठवते, माझ्या हातचा. पुन्हा एकदा पाहा. चश्मा लावून पाहा.

सुलोचना

—

कुडवा
१४ जानेवारी २०२५

वहिनी,

चष्मा तेव्हाही होता.

तिने हे म्हटलं: आई, हेमेंद्र इथे राहत नाही. नऊ महिने झाले. फक्त रविवारी येतो. तुम्ही आम्हाला सोडू नका.

आणि तुम्ही म्हणालात, हो, हो, खूप छान.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मला हे कळलं होतं. तो कागद समोर ठेवून मी तीन दिवस बसलो. तुम्ही दिलेल्या हुंकाराचं काय झालं असेल ते मला दिसत होतं. ते तुम्हाला कसं सांगावं हे सुचलं नाही. मग मी अर्थ बदलला. नकाराचा धडा तुम्हाला दिला नव्हता, तेव्हा माझी चोरी पकडली जाणार नाही हे मला ठाऊक होतं. लगेच खरं लिहिलं असतं तर तुम्हाला तेव्हाच दुरुस्त करायची वाट शोधता आली असती. ते आठ रविवार माझ्यामुळे गेले.

बाकीचंही सांगतो. मी तुर्कस्तान पाहिलेला नाही. छोट्या लायनीवर बुकिंग क्लार्क होतो, दिवसातून दोन गाड्या. मधल्या वेळात रेडिओ लावायचो. तुर्कस्तानचं स्टेशन लागायचं, आठवड्यातून दोनदा भाषेचे धडे. मी पत्र टाकलं, त्यांनी पुस्तिका आणि एक कोश पाठवला. चाळीस वर्षं वाचतो आहे. एकाही तुर्की माणसाशी बोललेलो नाही. पुढे कान गेले, तो प्रश्न मिटला. तुम्ही विचारलेलं वाक्य हे माझ्या तुर्कीचं कोणा तुर्की माणसाच्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य. ती म्हणाली, रेडिओसारखं. तिने बरोबर ओळखलं.

प्रश्नाचा धडाही मी मुद्दाम लांबवला. तो दिला की तुमचं काम झालं असतं आणि पत्रं थांबली असती. चाळीस शब्दांचं अनेकवचन कोणालाच लागत नाही.

नकार असा होतो. धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये म घालायचा, पुढचा स्वर शेजार पाहून. ओतुरुयोर, राहतो. ओतुर्मुयोर, राहत नाही. आन्लादम, मला समजलं. आन्लामादम, मला समजलं नाही. बराकमाक, सोडणे. बराकमयोरुम, मी सोडत नाही.

दुधराम

—

सौंदड
३ फेब्रुवारी २०२५

भाऊजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्हीही हेमेंद्रसारखंच केलं. तो मधात बसून बदलत होता, तुम्ही कुडव्यात बसून बदललं. दोघांनाही वाटलं, बुढीला झेपणार नाही. माझ्या सासऱ्यांनी ह्यांच्या आजाराचं मला असंच सांगितलं नव्हतं. सासरा, नवरा, मुलगा, मी तिघांचंही जेवण केलं आहे, दोघांच्या तेरव्या केल्या आहेत. मला काय झेपते हे कोणी विचारलं नाही.

नुरायचा नंबर माझ्याकडे नाही. फोन हेमेंद्रच्याच मोबाईलवरून येत होता. दोन वर्षांआधी तिने लोकरीचे मोजे पाठवले होते. ते पाकीट मी जपून ठेवलं होतं. त्यावर तिच्या हातचा पत्ता आहे. मी त्या पत्त्यावर पत्र लिहिलं. त्यांची अक्षरं शेपटीसकट काढली. पाच वाक्यं आहेत. नुराय, मला समजलं नाही. मी खूप छान म्हणाली, ते चूक आहे. आता समजलं. मी सोडत नाही. तू माझी मुलगी आहेस.

तुमच्याकडे तपासायला पाठवलं नाही. चुका असतील. माझ्या आहेत.

गोंदियाच्या मोठ्या पोस्टात स्वतः गेली होती. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, टर्की? वहाँ कौन है आपका?" मी म्हटलं, बहू आहे. पोती आहे. तो म्हणाला, "तो फोन करो ना." मागे लाइन होती. मी पावती घेतली.

कुडवा तिथून जवळ आहे. आली नाही.

हेमेंद्रला काही बोलली नाही. तो रविवारी फोन करतो. मी जेवला का विचारते. तो जेवलो म्हणतो. त्याने कोणाचं घर केलं की एकटा राहतो, मला माहीत नाही. तोही सांगत नाही आणि मीही विचारत नाही. तेवढा वेळ दोघंही फोन धरून राहतो.

तुमच्याकडे कोश आहे म्हणता. तो पाठवा. दुसरं काही नको.

सुलोचना

—

कुडवा
११ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

कोश पाठवतो आहे. 'क' आणि 'स'ची काही पानं सुटी झाली आहेत, दोऱ्याने बांधली आहेत. समासातल्या खुणा माझ्या आहेत, तिकडे लक्ष देऊ नका. अर्थ इंग्रजीत आहेत. सोबत इंग्रजी-मराठीचा छोटा कोश ठेवला आहे. दोन दारं ओलांडावी लागतील.

शब्द जसाच्या तसा सापडला नाही तर मागून एकेक प्रत्यय काढत जा. मूळ शेवटी हाती येतं.

हे परत करू नका.

दुधराम

—

सौंदड
२१ एप्रिल २०२५

भाऊजी,

नुरायचं पत्र आलं. बारा तारखेला. चार पानं, दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षर.

नूतन म्हणाली, "काकू, फोटो काढला का मोबाईल पूरा मराठीत करून देते. दोन मिनिटं." मी नको म्हटलं. ती म्हणाली, "काऊन? अशानं तर दिवाळी येईन." येऊ दे म्हटलं. तिने जिभेने च्च असा आवाज काढला आणि गेली. आता सगळ्या गावाला माहीत झालं असेल की लंज्यांची म्हातारी तुर्कीत बसली आहे.

सकाळी कामं आटोपली की पाटावर तिन्ही ठेवते. तिचं पत्र, तुमचा कोश, छोटा कोश. एका ओळीला एक सकाळ लागते, कधी दोन ओळी होतात. उन्हाळी धान बोडीच्या, लहान तळ्याच्या पाण्यावर आहे, तिथेही जावं लागते. आतापर्यंत अकरा ओळी झाल्या. पहिल्या ओळीत आन्ने आहे, एवढं वाचून त्या दिवशी वही बंद केली होती. दोन ओळींत थंडी आहे. एका ओळीत दुरूचा दात पडला. चार ओळींत ती एका शाळेत स्वयंपाकाला जाऊ लागली ते आहे, कोणत्या वेळी जाते, दुरूला कोणाकडे ठेवते. तीन ओळी मला लागल्या नाहीत. त्या कोऱ्या सोडल्या. त्यात काय असेल असं मनाने भरलं नाही.

काही शब्दांपाशी तुमच्या खुणा सापडतात. एका ठिकाणी तुम्ही १९८७ साल लिहिलं आहे आणि बाजूला स्टेशनचं नाव. तिथे मी थोडी थांबते.

उत्तर पाठवाच असं नाही. पाठवलं तर वाचीन.

ती रागात आहे का, हे तुम्ही विचाराल. अकरा ओळींपर्यंत लिहिलेलं नाही. बाराव्या ओळीत हेमेंद्रचं नाव आहे. ती उद्या वाचते.

सुलोचना